नावनिशीवार दुआ

आमच्या ऑफिसात सत्तारभाईंना ‘दुआ में याद रखना’ असं चुकूनही म्हणू नये, ही ताकीद मी प्रत्येक नव्या बाबूला पहिल्याच दिवशी देत असे. आपण निरोप घेताना ‘येतो बरं का’ म्हणतो, त्याला काही अर्थ असतो का? पण हा गृहस्थ ते वाक्य अर्ज समजून दाखल करून घ्यायचा.

सत्तारभाई आमचे आवक-जावक लिपिक. मूळचे काटोलचे. अंगाने काडी, आवाज मात्र भोंग्याचा. दुपारच्या सुट्टीत मागच्या व्हरांड्यात, जुन्या फायलींच्या कपाटाआड ते नमाज पढत. नमाज दहा मिनिटांत आटपे. मग हात वर होत आणि दुआ लागे. अरबीतली मिनिटभराची, तिच्यानंतर उर्दू आणि वऱ्हाडीची खिचडी करून लोकांची यादी, ती अर्धा तास. सगळं नावनिशीवार आणि खणखणीत. वानखेडेबाईंच्या पोराला मॅट्रिकला गणितात पास करायचं, ‘पस्तीस पुरे, मालिक, जास्तीची हाव नाही’. मग सायकल स्टँडवाल्या पुंडलिकची मूळव्याध. ती त्याने बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. पण दुसऱ्या दिवसापासून अख्खं ऑफिस त्याला ताक प्यायचा सल्ला देऊ लागलं.

मागायचं तर मागा, पण आवाज तरी खाली ठेवावा की नाही माणसानं? मी एकदा तसं सुचवलं, तर म्हणाले, अल्लाले हळू बी ऐकू येते, पन मले ऐकू आलं नाही तं कोनाचं नाव राहिलं ते कसं समजन? घ्या आता!

इथवर गंमत होती. मग आणीबाणी आली आणि सरकारी ऑफिसांच्या अंगात घड्याळ संचारलं. सुट्टी दोनला संपायची आणि साहेब दोनच्या ठोक्याला हजेरीपट घेऊन दारात उभे. सत्तारभाई रोज वीस मिनिटं उशिरा. दोन मेमो झाले. तिसऱ्यानंतर सक्तीची निवृत्ती, आणि नोकरीची सहा वर्षं बाकी. यातली मौज अशी, की आदल्या ईदेला शीरखुर्मा ओरपून मिशा पुसता पुसता साहेबही ते वाक्य बोलून बसले होते. त्यामुळे दुसऱ्या मेमोवर त्यांची सही झाली त्या दुपारीही यादीतला त्यांचा सत्ताविसावा नंबर कायम होता: साहेबांची बदली पुण्याला व्हावी. या एका दुआला आम्ही सगळे मनापासून आमीन म्हणत असू.

तिसरा मेमो टाइप करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी बडा बाबू. मी तणतणत व्हरांड्यात गेलो. म्हटलं, एवढी नावं कशाले घेता? ‘सबका भला कर’ म्हना आन उठा.

‘बडे बाबू,’ जानमाजची चटई गुंडाळत ते म्हणाले, ‘तुम्ही हजेरीपटात “सगळे हजर” असं लिहिता काय?’

माझं डोकंच सरकलं. नोकरी गेली की म्हातारपणी यादी चघळत बसाल, असं म्हणालो. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण पुढे म्हणालो, हा तुमचा शुद्ध मोठेपणा आहे, जगाच्या भल्याचा ठेका घेतल्याचा.

ते जानमाज छातीशी धरून उभे राहिले.

‘तुम्ही या ऑफिसात यायच्या आधीची गोष्ट हाय,’ ते म्हणाले. ‘बायको, हमीदा, दवाखान्यात भरती होती. सकाळी मी निघालो तं मले म्हने, दुआ में याद रखना. त्या रोजी डाक बहुत होती. म्या हात वर केले, सबका भला कर म्हनलं आन उठलो. चार वाजता दवाखान्यातून निरोप आला.’

यात तुमचा काय दोष, असं काहीतरी मी पुटपुटलो.

‘दोष नाही, मालूम हाय मले. पन ते तं, म्या नाव घेतलंच असन, असं समजून गेली ना, बाबू.’

मला माझी लाज वाटली. मेमो मी टाइप केला नाही. साहेबांना जाऊन सांगितलं, दुपारची डाक अडीचपर्यंत मी घेतो, सत्तारभाई संध्याकाळी अर्धा तास जास्त बसतील. नियमात बसत नाही, असं साहेब गुरगुरले, पण मेमोचा कागद काही मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी सत्तारभाईंच्या खुर्चीवर बसलो. मागून यादीचा आवाज येतच होता. त्या यादीत रोज पहिलं नाव असायचं हमीदाचं: ‘हमीदाले बरं कर, मालिक.’ चार वर्षं मी ते ऐकत आलो होतो. असेल कोणी घरात आजारी, असं समजून कशी आहे म्हणून एकदाही विचारलं नव्हतं.