सर्वाधिक संपर्क असलेला नागरिक

पोलीस आणि जनता यांच्यात अंतर असू नये, हे सर्वमान्य सत्य आहे. (रट्टा द्यायचा तरी हात पोचावा लागतो.)

हे अंतर मिटवण्यासाठी आमच्या ठाण्याची फेररचना झाली, आणि चोख झाली. मंजूर पदं एकतीस. त्यातली अकरा रिकामी. रिकाम्या पदांविरुद्ध आजवर एकही तक्रार नसल्यामुळे ती तशीच ठेवण्यात आली. उरलेल्या विसांपैकी सहा 'जनसंवाद कक्षा'त बसले, चौघे संवादाचे फोटो काढू लागले, तिघे ते फोटो वर पाठवू लागले. दोघे साहेबांच्या दाराशी (एक आत सोडायला, दुसरा न सोडायला). बाकीचे पाच प्रशिक्षणाला गेले. विषय : जनतेत कसं मिसळावं.

आमच्या गल्लीत चौदा वर्षं एकच हवालदार फिरत होते. कोण पिऊन कुठे पडतो, कोणाच्या घरातून कसला आवाज येतो, सगळं त्यांना पाठ. त्यांची बदली झाली. कारण : 'स्थानिकांशी अतिपरिचय'. बरोबरच आहे. जनतेशी जवळीक साधायची तर जनतेच्या जवळचा माणूस आधी हलवायलाच हवा.

त्यांच्या जागी गल्लीतलाच एक 'नागरिक-मित्र' नेमायचं ठरलं. वशिलेबाजी नको म्हणून निकष एकच : वर्षभरात ठाण्याशी सर्वाधिक संपर्क. कारकुनाने ये-जा वही उघडली, बोटाला थुंकी लावली आणि मोजलं. गॅरेजवाला पहिला आला. सतरा वेळा! वहीत नाव होतं, वेळ होती. 'कशासाठी' हा रकाना कागद वाचवण्यासाठी काढून टाकला होता. सतराही वेळा हवालदारांनी त्याला बायकोला मारलं म्हणून बखोटीला धरून आणलं होतं, हे त्यामुळे कागदावर कुठेच नव्हतं. गॅरेजवाल्याला बिल्ला मिळाला, शिट्टी मिळाली आणि शिक्का मिळाला.

शिक्का महत्त्वाचा. घरगुती तक्रारीवर तो आधी लागतो, मगच ठाणं वाचतं.

पुढच्याच आठवड्यात शिवणकाम करणाऱ्या मावशी ठाण्यात आल्या. गॅरेजवाला त्यांचा जावई. लेकीचा डावा हात मोडला होता. (उजवा गेल्या वर्षी. कामात सातत्य होतं.)

"मावशी, शिक्का कुठाय?" कारकुनाने विचारलं.

"ज्याने हात मोडला त्याच्याच खिशात!"

"मग सोपं झालं की. घरचाच माणूस."

"अरे बाबा, पोरीला कोंडलंय त्याने. बाहेरून कडी. म्हणतो, उद्यापर्यंत जिवंत ठेवणार नाही."

"तोंडी म्हणाला की लेखी?"

"लेखी द्यायला तो काय तुझ्यासारखा शिकलेला आहे, मेल्या?"

कारकुनाने राग मानला नाही. प्रशिक्षण झालं होतं. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, पाणी देतानाचा फोटो काढवून घेतला आणि नियम समजावला. नियम निर्दयी नाही. नागरिक-मित्रच आरोपी असेल तर पाच शेजाऱ्यांच्या सह्या चालतात. पाच सह्या आणा, दोन शिपाई लगेच निघतील.

मावशी दारोदार फिरल्या. मास्तरांनी अर्जातल्या दोन चुका सुधारून कागद परत दिला. किराणावाला म्हणाला, "नवरा-बायकोच्या भांडणात आपण पडत नाही, मावशी." (किंकाळ्या त्याच्या वजनकाट्यापर्यंत पोचतात.) तरी नर्सबाईंनी सही केली. तिघींनी नवरा कामावरून यायच्या आत केली. चार झाल्या.

मग मावशींनी तुमची बेल वाजवली.

तुम्ही टीव्हीचा आवाज कमी केलात. चपला न घालता दारापर्यंत आलात. दारातल्या भिंगाला डोळा लावलात. बाहेरून ते भिंग काळं झालेलं मावशींना दिसलं, म्हणून त्या थांबल्या. कागद उलगडून भिंगासमोर धरला, वाचता यावा म्हणून. पाच मिनिटं धरला.

एकच सही हवी होती. पेनसुद्धा त्यांनी स्वतःचं आणलं होतं.