मोठ्या जावयाचं विमान

मला लोकांच्या छंदांचा राग येत नाही, कीव येते. (राग बरोबरीच्या माणसाचा यावा.) त्यातही सगळ्यात जास्त कीव माझ्या साडूची. हा गृहस्थ दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या दातांतली भोकं बुजवायची आणि घरी येऊन प्लास्टिकच्या विमानातली. महायुद्धातली विमानं, नखाएवढ्या तुकड्यांतून जोडलेली! बरं, जोडलीस तर जोडलीस, स्वतःच्या घरी ठेव की! पण नाही. एक विमान त्याने आमच्या सासऱ्यांना भेट दिलं.

सासरे हवाई दलातून निवृत्त झालेले. विमान त्यांनी कधी चालवलं नाही. पडलेलं विमान तपासायचं आणि ते कशामुळे पडलं ते सांगायचं, ह्या कामात त्यांची सगळी नोकरी गेली. साडूचं विमान त्यांनी निरखून पाहिलं, आणि मी दिलेलं घड्याळ हॉलमधून काढून न्हाणीघरात लावलं. (विमानासाठी त्या भिंतीवर फळी ठोकायची होती.)

"त्यात काय एवढं?" मी त्या दिवशी जेवताना म्हणालो. "तुकडे तयार मिळतात, आपण चिकटवायचे. मीही ऑफिसात रोज पाकिटं चिकटवतो. मला कुणी कलावंत म्हणत नाही."

"सोपंच असतं तसं, साडूभाऊ," साडू हसून म्हणाला. दात पांढरेशुभ्र.

त्या नम्रपणाने माझं डोकंच फिरलं. "बाबांच्या वाढदिवसाला मी करून आणतो! ह्याच्याहून सरस! नाही जमलं तर…"

"नाही जमलं तर," बायको ताटातून मान वर न करता म्हणाली, "ह्यापुढे घरात कुणाच्याही कामाला नावं ठेवायची नाहीत. माझ्या स्वयंपाकाला नाही, माझ्या धाकट्या बहिणीच्या पडद्यांना नाही. कशालाच नाही."

सगळे जेवायचे थांबले आणि मोठ्या आशेने माझ्याकडे बघायला लागले. सासरेसुद्धा.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, ऑफिसात मला कुत्रं विचारत नाही. घरी येऊन "भाजीत मीठ कमी आहे" असं म्हटलं की कुठे आपण जिवंत असल्यासारखं वाटतं. तेवढंही गेलं तर माणसाने करायचं काय? पण शब्द तोंडातून निघून गेला होता. "मंजूर!" मी म्हणालो.

विमानाचा खोका आणला. झाकणावर ज्वाळा, ढग, तोफा. आत राखाडी प्लास्टिकच्या चौकटी आणि त्यांना लोंबणारे तुकडे. सूचनांचा कागद मी उघडलाच नाही. सूचना दातांच्या डॉक्टरांसाठी असतात. तुकडे सोडवायला साडू म्हणे बारीक कटर वापरतो. मी सरळ हाताने पिळले. काही तुकड्यांचे दोन-दोन झाले, पण माल वाढला म्हणून कुणी रडत नाही.

विमानाचं पोट म्हणजे दोन अर्ध्या फाका. त्या मी एका दमात चिकटवून टाकल्या. खोक्यासोबत दिलेला गोंद वाळायला फार वेळ घेत होता, म्हणून चपला चिकटवायचा झटपट गोंद घेतला.

"अहो, हा कोण?" बायकोने जेवणाच्या टेबलावरून एक इवलासा माणूस उचलला.

"वैमानिक."

"मग हा बाहेर काय करतोय?"

"तो शेवटी चढतो," मी म्हणालो. (तो सगळ्यात आधी बसवायचा असतो.) ती वळल्यावर मी त्याला चाकाच्या भोकातून आत ढकलला. तेव्हापासून विमान हलवलं की तो आत खुळखुळतो.

मग साडूचा फोन. "साडूभाऊ, नाकात वजन भरलंत ना?"

"विमानाच्या नाकात वजन? अहो, ते उडायचं असतं, बुडायचं नसतं!" मी खो खो हसलो आणि फोन ठेवला. असल्या अडाण्याकडे लोक दात काढायला जातात कसे?

दुसऱ्या दिवशी पाहतो तर झटपट गोंदाच्या वाफेने वैमानिकाच्या डोक्यावरची काच पांढरीफट्ट.

"मोतीबिंदू झालाय त्याला," बायको म्हणाली.

"युद्धात धुकं असतं."

पंखांवरच्या देशाच्या खुणा पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायच्या असतात. एक सरकून शेपटीवर गेली, एक माझ्या मनगटावर बसली ती निघेचना. ऑफिसात साहेबांनी ती बघितली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही कोणत्या बाजूने लढताय?"

शेवटी विमान चाकांवर उभं केलं. ते सावकाश मागे कललं आणि नाक वर करून शेपटीवर बसलं. मी नाक दाबलं, ते परत उठलं. मग मला संताप आला आणि मी जोरात दाबलं. पुढच्या चाकाचा पाय मोडला, एक पंख निखळला. तो पुन्हा चिकटवला, पण तेवढ्यात माझा अंगठाही चिकटला. अंगठा ओढून सोडवताना पंखाचं टोक त्याच्यासोबत आलं. खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू येत होतं. उद्यापासून पाणचट चहा मुकाट्याने प्यायचा!

वाढदिवसाला खोका सासऱ्यांसमोर ठेवला. त्यांनी झाकण काढलं आणि ताडकन उभे राहिले.

"कुणी हात लावू नका! आहे तसं राहू द्या!"

त्यांनी भिंग आणलं. टेबलाभोवती फिरून सगळीकडून पाहिलं. मग विमान अलगद कानाशी नेऊन हलवलं.

"वैमानिक आतच आहे," ते खोल आवाजात म्हणाले.

त्यांचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. लग्नातही नाही. आपण जिंकलो! मी साडूकडे तुच्छतेने एक नजर टाकली.

"शत्रूचा मारा नाही," सासरे भिंग खाली ठेवून म्हणाले. "हवामान नाही. वैमानिकाची तर काडीची चूक नाही. जे झालं ते जमिनीवर झालं." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे हे हरले ना, बाबा?" बायकोने विचारलं.

"हे काय विचारणं झालं?"

पण गंमत पुढेच आहे. साडूचं विमान त्यांनी फळीवरून काढलं ("ह्यात तपासण्यासारखं काही नाही") आणि माझं ठेवलं. आता येईल त्या पाहुण्याच्या हातात भिंग देतात आणि विचारतात, "सांगा, कशाने पडलं?" कुणी वीज म्हणतं, कुणी तोफगोळा. मग सासरे माझ्याकडे बोट करतात. पैजेमुळे त्यांच्या ह्या तपासालाही मला नावं ठेवता येत नाहीत.

परवा त्यांचे खात्यातले एक जुने सहकारी आले होते. त्यांनाही ओळखता आलं नाही. सासऱ्यांनी बोट केलं, तसं त्या म्हाताऱ्यांनी भिंग विमानावरून काढून माझ्यावर धरलं. मला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं.

"आणि ह्यांचं काय झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तो तपास," सासरे उसासा टाकून म्हणाले, "लग्नापासून चालू आहे."