डाव्या पट्टीचा तडा

कोणत्याही वस्तूचा जो भाग सगळा भार वाहतो, तो दिसणार नाही अशा ठिकाणी ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. घराचा पाया जमिनीत पुरतात, लग्नातला आचारी मांडवामागे बसवतात आणि मोटारीची चॅसी मोटारीखाली ठेवतात. यात कुणाचा अपमान करण्याचा हेतू नसतो. भार वाहणाराच समोर आला तर लोक त्याच्याकडे बघत राहतील आणि बाकीची शोभा वाया जाईल, एवढाच दूरदृष्टीचा विचार त्यामागे असतो.

चॅसी म्हणजे गाडीखालचा लोखंडी सांगाडा. दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या. शिडी जमिनीवर आडवी टाकली तर दिसेल तसा. इंजिन, सीट, माणसं आणि माणसांचा मान हे सगळं त्यावर बसतं. जगदेवच्या जीपची डावी पट्टी तडकली होती, आणि ही कथा त्या तड्याची आहे.

जगदेव हा वाशीम जिल्ह्यातल्या, इंझोरीपासून फार लांब नसलेल्या एका गावचा शेतकरी. (गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर ते तुमचं नाही, असा तुमचा गैरसमज होईल.) सोयाबीन, तूर, विहिरीला पाणी आणि दारात ट्रॅक्टर असं सगळं यथास्थित असताना त्याने लष्कराची जुनी जीप घेतली. लष्कर जी गाडी ‘आता उपयोगाची नाही’ म्हणून लिलावात काढतं, ती घ्यायला लोकांची झुंबड उडते. जगदेवने दलालामार्फत, ओळखीने आणि थोडं हातापाया पडून ती मिळवली. ती गावात आली त्या दिवशी बायकांनी तिला ओवाळलं, आणि त्या दिवसापासून गाव जगदेवला ‘मेजर’ म्हणू लागलं.

त्याच सुमारास लष्कराने गावाला आणखी एक गोष्ट परत केली होती. नाईक देवमन, राहणार भीमनगर, उजव्या मांडीत लोखंडी सळई. (सळई लष्कराने परत मागितली नाही.) त्याच्यासाठी झुंबड उडाल्याची नोंद नाही. गाव त्याला ‘देवमन’ म्हणतं.

जगदेव आणि देवमन तरुणपणी भरतीला एकत्र गेले होते. जगदेवची छाती फुगवूनही कमी भरली, देवमनची न फुगवता पुरली. देवमन गेला, जगदेव सोयाबीनकडे परतला. त्या कमी भरलेल्या छातीचा हिशोब जगदेवच्या मनात बरीच वर्षं राहिला होता, तो जीप दारात उभी राहिल्यावर मिटला. मग देवमनबद्दल त्याच्या मनात फक्त माया उरली, आणि ती खरी होती.

ही जीप कोणत्या युद्धात होती, हे गावातल्या शंभर टक्के लोकांना माहीत आहे. त्यातले साठ टक्के एकाहत्तरचं म्हणतात, तीस टक्के पासष्टचं, आणि उरलेले दोन्ही. (जीप बनली ती या दोन्ही युद्धांनंतर, पण देशभक्तीत असला कीस काढत नाहीत.) देवमन कुठे होता, हे शून्य टक्के लोकांना माहीत आहे. विचारायला हरकत नव्हती, पण तो काही ओवाळून आणलेला नव्हता.

तर यंदाच्या सव्वीस जानेवारीला ध्वजवंदनाआधी ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंत मिरवणूक काढायची, असं ठरलं. हे ठरवलं सरपंच बेबीबाईंनी, म्हणजे व्यवहारात त्यांचे यजमान हरिसिंग यांनी. (बेबीबाई सही करतात. हरिसिंग बाकीचं सगळं करतात.) मिरवणुकीच्या पुढे जीप आणि जीपमध्ये देवमन, ही कल्पना मात्र जगदेवची होती.

“गावातला एकच माणूस फौजेत गेला,” तो म्हणाला. “शाळेचा रस्ता चढाचा हाये. त्याच्यानं चालनं होत नाई. त्याले मानानं पुढच्या सीटवर बसवू.”

टाळ्या पडल्या. देवमन मागे दाराशी उभा होता. त्याने मान खाली घातली आणि घरी जाऊन जुना गणवेश उन्हात टाकला. भीमनगरातल्या पोरांनी तो दिवसभर लांबून पाहिला.

दुसऱ्याच दिवशी जगदेव जीप धुवायला बसला आणि डाव्या पट्टीचा तडा त्याच्या नजरेस पडला. पुढच्या चाकाच्या मागे, बोटभर. देवमनला मानाने बसवायचं आणि चढावर चॅसीचे दोन तुकडे व्हायचे, या विचाराने त्याला घाम फुटला. जीप तशीच शेलूबाजारला लालसिंगच्या वेल्डिंगच्या दुकानात नेली. सोबत हरिसिंग होते; गावाचं काम म्हटलं की ते सोबत असतातच.

लालसिंग जीपखाली सरकला, टॉर्च मारला, बाहेर आला आणि म्हणाला, “एक पट्टी ठोकतो. सांजच्याले घेऊन जा.”

यावर जगदेवचा चेहरा पडला. एका युद्धात, किंवा दोन्ही युद्धांत, लढलेल्या गाडीला एकच पट्टी? पंक्चरवाल्याकडे तरी याहून जास्त वेळ लागतो.

हरिसिंगांना तर हा गावाचाच अपमान वाटला. “ही जीप एकट्या जगदेवची हाये का?” त्यांनी विचारलं. (कागदोपत्री होती.) “ही गावाची शान हाये. हिच्या चासीत घरोघरचं लोखंड लागलं पायजे.”

त्याच संध्याकाळी दवंडी झाली. ज्यांनी कधी मुरमाची पाटी उचलली नव्हती, तेही लोखंड घेऊन आले. बैलगाडीच्या चाकाची धाव आली. मोडक्या पलंगाचे पाय आले. पाण्याच्या टाकीचा स्टँड आला, टाकीला मग विटांवर बसवण्यात आलं. छपराचे अँगल आले, वखराची पास आली, स्मशानाच्या फाटकाची एक झडप आली. (दुसरी लावून घेतात. आत गेलेला बाहेर येत नसल्याने अडचण नाही.) शाळेने घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा दिला, तेव्हापासून शाळा अंदाजाने भरते. मंदिरातल्या पंख्यावर देणगीदाराचं नाव घालतात, त्या धर्तीवर प्रत्येक तुकड्यावर देणाऱ्याचं नाव ऑइलपेंटने घालण्यात आलं.

देवमनही आला, हात हलवत. “माह्यापाशी लोखंड हाये,” तो हसून म्हणाला, “पन ते पायात हाये. काढून देऊ का?”

सगळे खूप हसले. हरिसिंग सर्वांत जास्त हसले, आणि हे वाक्य त्यांनी लक्षात ठेवलं.

लालसिंगने वाद घातला नाही. गिऱ्हाईक बोट दाखवेल तिथे वेल्डिंग मारायचं, हे त्याचं धोरण. आधी डावी पट्टी जोडली. मग डाव्या पट्टीला अँगल दिले म्हणून उजवीला वाईट वाटू नये, यासाठी तिलाही दिले. पलंगाचे पाय चारही कोपऱ्यांत गेले. रुळाचा तुकडा मधोमध बसला, कारण शाळा ही गावाच्या मधोमध असते. शेवटी हरिसिंगांच्या घरून आलेला जुन्या मळणीयंत्राचा पत्रा सगळ्याच्या खाली आडवा मारला, म्हणजे कुणी खाली वाकलं तर पहिलं नाव तेच दिसावं.

जॅक काढला तेव्हा जीप खाली आली आणि खालीच राहिली. पाटे, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या त्या वाकड्या पोलादी पट्ट्या, इतके सपाट झाले की त्यांवर पोळी लाटता आली असती.

“मजबूत झाली,” लालसिंग म्हणाला. “आता चासी सात जलम तुटत नाई. फक्त माणसं बसवू नका.”

“म्हनजे?”

“डायवर अन् एक जन. तिसरा बसला का पाटे गेले समजा.”

मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी त्या एका जागेसाठी बैठक बसली. जगदेवने आधी थोडं लोखंड काढावं असं सुचवलं. पण कुणाचं काढायचं? पलंगाच्या पायांमागे एका मयत आजोबांची आठवण होती, धावेमागे एका बैलजोडीची, आणि झडपेमागे तर सगळ्यांचाच भविष्यकाळ होता. लोखंड एकदा भावनेशी जोडलं गेलं की गॅस कटरने निघत नाही, यावर एकमत झालं.

मग दोन नावं उरली: देवमन आणि हरिसिंग. निर्णय पारदर्शक असावा म्हणून सोयाबीन मोजायचा काटा आणला गेला. देवमन चढला, काटा जेमतेम हलला. हरिसिंग चढले, काट्याने टोक गाठलं. जगदेवच्या जिवात जीव आला. मनातल्या मनात त्याने देवमनला पुढच्या सीटवर बसवूनही टाकलं.

पण हरिसिंग काट्यावरूनच बोलू लागले. “लालसिंग काय म्हनला? गाडीले माणूस जड झाला का लोखंड?”

“लोखंड,” लोक म्हणाले.

“मंग कमी काय केलं पायजे?”

“लोखंड.”

“माह्या अंगात लोखंड हाये का?” त्यांनी शर्ट वर करून दाखवला. कुठेही नव्हतं, होती ती चरबी, आणि चरबी गंजत नाही. “देवमनच्या पायात हाये. म्या नाई म्हनत, त्यानंच सांगतलं, सगळ्याईच्या समोर. चासीत आधीच लोखंड जास्त झालं. त्याच्यात आनखी लोखंडवाला माणूस कायले बसवता?”

तर्कात खोट नव्हती. असती तरी ती काढायला बरीच हिंमत लागली असती, आणि हिंमत गावाने सगळी जीपमध्ये घातली होती. सगळ्यांनी देवमनकडे पाहिलं. देवमनने जगदेवकडे पाहिलं. जगदेवने काट्याकडे पाहिलं.

“ठीक हाये,” देवमन म्हणाला. “म्या चालत येतो.”

मग मिरवणूक भीमनगरातून न्यायचं निघालं, म्हणजे निदान त्याला दारापासून सोबत होईल. पण इतकं लोखंड लागल्यावर जीप त्या गल्लीत वळणार नाही, असं आढळलं. (लोखंड लागण्याआधीही ती त्या गल्लीत कधी वळली नव्हती.)

घरी जगदेवला जेवण गेलं नाही. त्याची बायको चतुराबाई ताट उचलायला आली आणि तशीच उभी राहिली.

“गाडी कोनासाठी नीट करून राह्यले होते तुमी?”

“देवमनसाठी.”

“मंग तो काहून चालते?”

“गाडी मजबूत झाली न आता.”

चतुराबाईने ताट उचललं. जगदेवला लाज वाटली, चांगलीच वाटली. पण आपल्याकडे माणसाला लाज घरात वाटते आणि बैठक चावडीवर असते, त्यामुळे दोघींची गाठ पडत नाही.

सव्वीस जानेवारीला सकाळी जीप जॅकवर चढवून लोकांनी खाली वाकून आपापलं नाव वाचलं. देवमनचं नाव तेवढं नव्हतं, कारण त्याचं लोखंड त्याच्याजवळच होतं. त्याला शाल आणि नारळ देण्यात आला. नारळ हातात घेऊन चढ चढणं त्याला अवघड गेलं असतं, म्हणून तो जीपमध्ये ठेवला. नारळात लोखंड नसतं.

मिरवणूक निघाली. पुढे जीप, स्टीअरिंगवर मेजर जगदेव, शेजारी फेटा बांधून हात जोडलेले हरिसिंग, मागे गाव, आणि सगळ्यांच्या मागे इस्त्रीच्या गणवेशात देवमन. शाळेच्या अलीकडच्या गतिरोधकावर जीप पोटावर बसली. चाकं फिरली, धूर निघाला, जीप हलेना. हरिसिंगांना उतरा म्हणायचं कुणाच्या तोंडी येईना. एवढ्यात मागून देवमन लंगडत आला, खांदा लावला आणि मोठ्याने “जोर लगाके” म्हणाला. आवाज असा होता की अख्ख्या गावाने एकदम जोर लावला. जीप सुटली ती थेट शाळेच्या आवारात जाऊन थांबली. गाव तिच्यामागे धावलं. देवमन गतिरोधकावरच मांडी धरून बसला.

तो उठून निघाला, पण वेळेवर पोचला नाही. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा तो रस्त्यातच होता. जागच्या जागी थांबला आणि सावधान उभा राहिला. (त्यामुळे मागून येणाऱ्या एका ट्रॅक्टरची गैरसोय झाली, याची ग्रामपंचायतीने दखल घेतली आहे.) जगदेव जीपशेजारी उभा होता. जीपच्या आरशात त्याला मागचा रस्ता दिसत होता, त्यात मधोमध उभा असलेला गणवेश दिसत होता. त्याला रडू आलं. लोकांना वाटलं, राष्ट्रगीतामुळे आलं, आणि त्यांचा आदर आणखी वाढला.

भाषणात हरिसिंग म्हणाले की देवमनने आपली जागा हसत हसत सोडली, असा त्याग फक्त फौजीच करू जाणे. पुढच्या वर्षी त्याच्यासाठी दुसरी लष्करी जीप घ्यायचा ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. तिची चॅसी आतापासूनच बळकट करावी म्हणून घरोघरी लोखंड बघून ठेवायला सांगितलं आहे.

देवमनचं वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल. वाटायलाच हवं, गावालाही वाटलं. तर जाता जाता एवढंच सांगा, जीपची कोणती पट्टी तडकली होती? डावी. बरोबर, एका दमात आलं. आता सांगा, देवमनच्या कोणत्या पायात सळई आहे?

वर स्वच्छ लिहिलेलं आहे, एकदाच. मागे जाऊन बघायची तसदी घेऊ नका. गावातही कुणाला आठवत नाही, आणि गावाचं नाव का दिलं नाही, ते सुरुवातीलाच सांगितलं होतं.