काकूंची क्लच प्लेट

सक्करदऱ्यात भाजी आणायला स्पोर्ट्स कार घेऊन जाणारी बाई एकच, आमच्या शेजारच्या कुसुमकाकू. सत्तरीला टेकलेल्या, गुडघ्यांना पट्टे, पायात कापडी बूट आणि सीटवर दोन उशा. गाडी लाल, ठेंगणी, सहा गिअरची. मुलगा अभिजितनं हौसेनं घेतली आणि वर्षभरात नोकरीसाठी कॅनडाला गेला. गाडी आणि काकू दोघी इथेच राहिल्या.

काकू त्याच गाडीवर शिकल्या, पण डावा पाय क्लचवरून उचलायचा असतो हे त्यांना कधी पटलं नाही. सिग्नलला उभ्या असल्या तरी पहिला गिअर आणि अर्धा क्लच. शेजारी म्हणून बाजूच्या सीटवर बहुतेक वेळा मी. एकदा म्हटलं, काकू, न्यूट्रल करा, क्लच जळेल.

"गाडीले एकदा झोपू दिलं का मंग उठत नाही बाप्पा," त्या म्हणाल्या.

दिवसभर शाळेत पोरांशी बोलून आलेल्या माणसात यावर वाद घालायचं त्राण नसतं.

व्हायचं ते उन्हाळ्यात झालं. उड्डाणपुलाच्या चढावर गाडी नुसतीच ओरडायला लागली, पुढे जाईना. जळका वास सुटला, मागे हॉर्न सुरू झाले. दोन रिक्षावाले आणि मी, आम्ही ती भर उन्हात ढकलत कडेला आणली. काकू आत बसून आम्हाला सांगत होत्या, दमानं, रंग खराब होईल.

जवळच्याच नंदनवन वस्तीतल्या गिरधर मिस्त्रीनं गिअरबॉक्स उतरवला. क्लच प्लेट झिजून पार गुळगुळीत झाली होती. ती ज्या जड चाकाला घट्ट धरते त्या फ्लायव्हीलवर निळे डाग आणि बारीक चिरा. मिस्त्रीचं म्हणणं, प्लेट नवी टाकू, चाक लेथवर घासून घेऊ, परवा गाडी घेऊन जा. मला हायसं वाटलं. पण काकू म्हणाल्या, अभिजितले विचारते.

आता अभिजितचा फोन म्हणजे रविवारचा. जेवलीस का, बीपीची गोळी घेतली का, बरं ठेवतो. मी कितीदा तरी ऐकलेला. त्या दिवशी मात्र तो बराच वेळ बोलत राहिला. चिरांचे फोटो मागितले. घासायचं बिलकूल नाही, फ्लायव्हील नवंच टाकायचं म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. मग रोजच.

रोज संध्याकाळी, म्हणजे त्याच्या सकाळी, मी काकूंना स्कूटरवर बसवून गॅरेजमध्ये न्यायचो आणि त्या त्याला व्हिडिओवर एकेक पार्ट दाखवायच्या. प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग ही नावं त्या अशा घेत, जशी काही नात्यातलीच माणसं. पुण्याहून फ्लायव्हील आलं ते दुसऱ्याच मॉडेलचं. परत पाठवलं. मी वैतागून मिस्त्रीला चार शब्द सुनावले. काकूंचा चेहरा मात्र खुललेला.

"काहून घाई करून राहिला गा? होऊ दे ना नीट."

शेवटी सगळं बसलं. काकूंनी गॅरेजच्या गल्लीत गाडी चालवून पाहिली. पेडल हलकं, गिअर अलगद पडत होते. अभिजितनं फोनवरून पाहिलं, खूश झाला. "चला, आता टेन्शन नाही. रविवारी बोलू, आई," म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

काकूंनी फोन पर्समध्ये टाकला. मला वाटलं, सुटलो, आता घरी जाऊन आडवं व्हावं. पण त्या हात पुसत असलेल्या मिस्त्रीजवळ गेल्या आणि हळूच विचारलं, "गिरधरभाऊ, आता यानंतर काय झिजते?"

मिस्त्री हसला. म्हणाला, काही नाही काकू, आता चार-पाच वर्षं बघायचं काम नाही.

"अस्सं," काकू म्हणाल्या, आणि तिथेच उभ्या राहिल्या.

माझी पाठ दुखत होती. तरी मी गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकलो आणि मिस्त्रीला म्हटलं, आत्ता वळताना इथून काहीतरी कटकट वाजलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. फडकं खांद्यावर टाकत म्हणाला, असेल. उद्या संध्याकाळी घेऊन या, खोलून पाहू.

काकूंनी पर्समधून फोन बाहेर काढला.