लहानू टेलरचं सरेंडर

धानोऱ्याजवळच्या त्या गावात मोबाईलला रेंज एकाच जागी मिळते, बिरजूच्या चहाटपरीपुढं. आणि तिथंही कोकलल्याशिवाय पलीकडच्याला ऐकू जात नाही. लहानू टेलरला पिकोचं नवं मशीन घ्यायचं होतं. म्हणून बारा वर्षं हप्ते भरलेली विमा पॉलिसी मोडायचं ठरवून त्यानं तिथूनच प्रफुल एजंटला फोन लावला.

"भाऊ, मले सरेंडर करायचं हाये! हो, बारा वर्सं झाले! आता नाई झेपत! बायकोले नाई सांगतलं अजून! सरेंडर केलं तं किती भेटते?"

'पॉलिसी' हा शब्द काही लहानूच्या तोंडून निघाला नाही. बिरजूचं गाळणं हवेतच थांबलं. या जिल्ह्यात सरेंडरचा अर्थ एकच: नक्षल्यांनी जंगलातून यायचं आणि पोलिसांपुढं बंदूक ठेवायची.

दुपारपर्यंत गावानं पुरावे जमवले. लहानूकडं हिरवं कापड असतं. (तो वनरक्षकांचे गणवेश शिवायचा.) तेंदूच्या हंगामात आठ दिवस गायब असतो. (मुलचेऱ्याला, बहिणीकडं.) कोणाशी फारसा बोलत नाही. (तोंडात टाचण्या असतात.)

त्याच्या बायकोला, रंजीताला, हे बोअरिंगवर कळलं. पाण्याचा गुंड तिथंच टाकून ती दुकानात आली.

"बारा वर्सं तू नक्षल्यायसंग होता?"

"कोण म्हणते?"

"सारं गाव म्हणून राह्यलं! मंग रोज रात्री माह्या बाजूले घोरत कोण होता?"

लहानूनं तोंडातल्या टाचण्या काढेपर्यंत पोलीस पाटील गुणवंतराव शाल-नारळ घेऊन दारात. मागं अर्धं गाव. त्यांनी लहानूच्या खांद्यावर शाल टाकली आणि डोळे पुसले.

"झालं ते झालं, लहानू. गाव तुह्या पाठीशी हाये. लेकरायले कोणी बोल लावणार नाई. फक्त बंदूक कुठी ठेवली, तेवढं सांग."

"पाटील, माह्यापाशी निस्ती कात्री हाये!"

"कात्रीनं?" मागून कोणीतरी थक्क होऊन म्हणालं.

इतक्यात फटफटीवरून प्रफुल उतरला. "सरेंडरचा फॉर्म आणला, लहानूभाऊ!" गर्दी झर्रकन बाजूला झाली. प्रफुलनं फॉर्म वाचून दाखवला, तेव्हा कुठं उलगडा झाला. गावाचा जीव भांड्यात पडला; रंजीताचा मात्र पारा चढला.

"म्हंजे पॉलिसी मोडून राह्यला तू? मले न इचारता? याच्यापक्षा तं जंगलात असता तं बरं होतं!"

"मोडू नोका," प्रफुल घाईनं म्हणाला. "सरेंडर केलं तं नुकसान हाये. पाच वर्सांनी मॅच्युअर होते, पुरे पैसे भेटते. तवरोक त्याच पॉलिसीवर कर्ज काढा, मशीन घ्या."

रंजीता फॉर्म दोनदा वाचून म्हणाली, "कर्जाचा फॉर्म आण."

लोक पांगले. लहानूनं शालीवर हात फिरवला. आपल्याला गावानं भलतंच समजलं याचा राग यायला हवा होता. पण भलतं समजूनही गाव काठी नाही, शाल घेऊन आलं होतं. त्यानं शालीची नीट घडी घातली.

महिन्याभरानं टेम्पोतून मशीन आलं. ड्रायव्हरनं चौकातच हाक दिली, "लहानू कोण हाये? दोन वर्सांची वारंटी हाये, सही करा!"

गुणवंतराव पारावरून ताडकन उठले.

"वारंट? दोन वर्सांचं?" चप्पल शोधत ते ओरडले, "थांबा! मी जामीन राह्यतो त्याले!"