अण्णांची तपकिरी बरणी

सदलगेकर अण्णांना पाणी द्यायचं झालं तर स्टीलच्या भांड्यातून द्यावं. काचेच्या ग्लासातून दिलंत तर पंधरा मिनिटं लागतात. आधी ते ग्लास ट्यूबलाइटकडे धरतात, मग कडेवर टिचकी मारतात, मग चष्मा कपाळावर सरकवून तळाशी बघतात आणि पाणी न पिताच ग्लास खाली ठेवून म्हणतात, "स्वल्प हिरवट हाय बगा." समोरच्या बाईंना वाटतं, आपण ग्लास नीट घासला नाही. आमच्याकडे हे तीनदा झाल्यावर मेघनाने, म्हणजे माझ्या बायकोने, काचेचे सगळे ग्लास माळ्यावर टाकले.

अण्णा आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. मूळचे चिकोडीकडचे. सगळी नोकरी इथेच बंगळूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत झाली आणि त्या नोकरीत त्यांनी एकच काम केलं. काचेवर गॅमा किरणांचा मारा करायचा आणि काचेचं काय झालं ते मोजायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मोजायचं काही सुटलं नाही. उन्हाळा वाढलाय म्हटलं, की "मोजलायसा काय?" लिफ्ट हळू झालीय म्हटलं, की "मोजलायसा काय?" एकदा मी नुसतं "दमलो हो" म्हणालो, तेव्हाही तेच. मी साताऱ्याचा आहे हे त्यांना पंचवीस वेळा सांगितलं, तरी ते मला पुणेकरच म्हणतात. तिथे मात्र मोजमापाचा आग्रह नसतो.

मी होसकोटेच्या एका कारखान्यात काम करतो. जायला दीड तास, यायला दोन. संध्याकाळी घरी पोचतो तेव्हा मला जगातल्या कुठल्याही विषयात रस उरलेला नसतो, आणि नेमके तेव्हाच अण्णा लिफ्टपाशी उभे असतात. हातात बहुतेक कुणाच्या तरी घरच्या फुटलेल्या बशीचा तुकडा.

काच म्हणजे काय हे मी अशा संध्याकाळी तुकड्यातुकड्याने शिकलो. अण्णांच्या मते काच म्हणजे आनेकलच्या बसमध्ये उभी असलेली माणसं. रांग नाही, शिस्त नाही, जो जिथे घुसला तिथे उभा, मधेमधे पोकळ्या. कंडक्टर "स्वल्प मुंदे होगी" म्हणून पुढे सरकायला सांगतो, पण कुणी हलत नाही. मग बस खड्ड्यात आदळते, आणि तीच माणसं मुकाट सरकून दाटीने उभी राहतात. किरणांचा मारा म्हणजे ते खड्डे. शुद्ध सिलिकाची काच अशी आत सरकते आणि तिची घनता कणभर वाढते. क्वार्ट्झच्या स्फटिकाचं मात्र उलटं. तिथे सगळे आधीच ओळीने बसलेले. जबर मारा बसला की ओळी मोडतात आणि तो फुगतो. "सोसलं पुष्कळ, की दोगं जवळजवळ एकाच घनतेला येतात बगा," अण्णा म्हणायचे. "आमची अक्का काच. मी क्वार्ट्झ."

अक्का म्हणजे त्यांची बायको. सगळी बिल्डिंग त्यांना अक्काच म्हणायची, म्हणून तेही म्हणू लागले होते. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्यानंतर अण्णांचा लिफ्टपाशी उभं राहायचा वेळ वाढला, हे आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. लक्षात येऊनही मी जिना चढून जायला लागलो. खोटं कशाला सांगू?

यंदा कैऱ्या आल्या तेव्हा एका संध्याकाळी अण्णांनी मला जिन्यात गाठलं. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुनी काचेची बरणी होती, कोऱ्या चहासारखी तपकिरी. मेघनाला ह्यात थोडं लोणचं घालायला सांगा, म्हणाले. मग बरणीबद्दल बराच वेळ काहीतरी सांगत राहिले. मी मोबाइलवर उद्याच्या मीटिंगची वेळ बघत "हो हो" करत होतो. शेवटचं वाक्य तेवढं कानावर पडलं, की हिला उष्णता लावू नका, ऊनही नको. मी त्यांच्या कानडीत "सरी, सरी", ठीक आहे, म्हणून बरणी घेतली आणि घरात शिरेपर्यंत ते वाक्य विसरलो.

आमच्याकडे लोणच्याच्या बरण्या धुऊन ओव्हनमध्ये तापवून कोरड्या करायची पद्धत आहे, आणि ते काम माझं. रविवारी मी आमच्या चार बरण्यांबरोबर अण्णांचीही आत ठेवली. अर्ध्या तासाने ओव्हन बंद केला आणि गार झाल्यावर उघडला, तर अण्णांची बरणी पाण्यासारखी स्वच्छ. इतक्या वर्षांचा डाग एका फटक्यात गेला होता. घरकामात माझं कौतुक होण्याचे प्रसंग फार येत नाहीत, तेव्हा मी मेघनाला दोनदा बोलावून दाखवलं. तिने लोणचं भरलं आणि मी छाती पुढे काढून ते समोर पोचवायला गेलो.

अण्णांनी बरणी खिडकीकडे धरली. टिचकी मारली नाही.

"किती डिग्री?" त्यांनी विचारलं.

"दोनशे."

"किती वेळ?"

"अर्धा तास."

सवयीने त्यांनी दोन्ही आकडे कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहिले. मग खुर्चीत बसले आणि जिन्यात सांगितलेली गोष्ट त्यांनी मला पुन्हा सांगितली. मी ती पहिल्यांदाच ऐकत होतो.

त्यांचं स्वयंपाकघर पश्चिमेचं. दुपारभर फळीवर ऊन येई आणि लोणच्याचा लाल रंग उडून जाई. अक्का खिडकीला पडदा आणा म्हणून मागे लागल्या होत्या. दोन वर्षं अण्णांना वेळ झाला नाही. मग एक दिवस ते लोणच्याची रिकामी बरणी प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि काचेच्या नमुन्यांमागे गॅमाच्या यंत्रात ठेवून दिली. वहीत 'नमुना, एक' अशी नोंद केली. चार दिवसांनी बरणी औषधाच्या बाटलीसारखी तपकिरी होऊन घरी आली. किरणांचा अंश काही काचेत राहत नाही, आता आत ऊन शिरणार नाही, असं त्यांनी अक्कांना समजावलं. अक्का म्हणाल्या, "मी पडदा सांगितला होता." पण पुढे जन्मभर लोणचं त्यांनी त्याच बरणीत घातलं. तो रंग किरणांनी आलेला होता. ऊन लागलं तर हळूहळू फिकट होतो आणि ताप दिला तर पार निघून जातो. म्हणून अण्णांनी तीन वर्षं बरणी कपाटात अंधारात ठेवली होती. यंदा आपणही घरचं लोणचं खावं असं त्यांना वाटलं, एवढंच.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा तसा रंग आणता येईल का, मी विचारलं. आता प्रयोगशाळेचं गेट आपल्याला आत सोडत नाही, अण्णा म्हणाले. माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. त्याऐवजी त्यांनी झाकण उघडून बोटाने लोणचं चाखलं आणि मीठ बरोबर आहे म्हणून मेघनाला कळवायला सांगितलं.

"रंग काय, जातोच," मी दारापाशी पोचल्यावर ते म्हणाले. "आत जे जवळ सरकलं, ते आता मागं सरकत नाही."

त्या आठवड्यात मी रोज लिफ्टने आलो. अण्णा एकदाही उभे नव्हते. रविवारी त्यांनी स्वतःच बेल वाजवून मला स्टूल धरायला बोलावलं. स्वयंपाकघरात फळीवर ती स्वच्छ बरणी होती आणि ओट्यावर एक नवा निळा पडदा. अण्णा स्टुलावर चढले, कड्या एकेक करून नळीवर ओवल्या आणि पडदा ओढला. तो खिडकीपेक्षा वीतभर आखूड होता. खालून ऊन सरळ फळीवर येत होतं.

ज्या माणसाने जन्मभर काचेतला कणभर फरक मोजला, तो खिडकीचं माप न घेता दुकानात गेला होता. "अण्णा, मोजलं होतंत का?" हे अगदी माझ्या ओठावर आलं. वर बघितलं तर ते एका हाताने नळी धरून उभे होते आणि दुसऱ्या हाताने पडद्याची खालची कड पुन्हा पुन्हा खाली ओढत होते.

"लई उशीर केलो," ते म्हणाले.

मी एका हाताने स्टूल घट्ट धरलं, दुसऱ्या हाताने बरणी उचलली आणि उन्हातून बाजूला ठेवली.