मधला नंबर

आमच्या दंत महाविद्यालयातली सगळ्यांत किडकी दाढ एका प्राध्यापकांच्या तोंडात होती. उपाध्ये सरांच्या. उजवीकडची, खालची. कॅन्टीनमध्ये समोसा आला की सर आधी त्याचं कडक कवच सोलून बाजूला ठेवत, आतला बटाटा डाव्या गालात सरकवत आणि इतक्या जपून चावत, जणू त्या गालात कुणाचं तान्हं मूल झोपलंय.

पहिल्या वर्षाची मुलं न राहवून विचारायची, "सर, वर एवढ्या खुर्च्या आहेत, एवढे डॉक्टर आहेत. दाढ का नाही दाखवत?"

"नंबर लागला नाही अजून," सर म्हणायचे.

सगळे हसायचे. सरही हसायचे, डाव्या बाजूनं. हा विनोद आमच्या आधीच्या बॅचनं ऐकला होता, त्यांच्या आधीच्यांनीही. कुणी म्हणायचं, सर इंजेक्शनला भितात. कुणी म्हणायचं, दुसऱ्याचा हात तोंडात घालून घेणं त्यांच्या सोवळ्यात बसत नाही.

कारण सरांचं सोवळं प्रसिद्ध होतं. ते आम्हाला संसर्ग-नियंत्रण शिकवायचे. रुग्णाच्या तोंडातला जंतू डॉक्टरच्या हातावर, हातावरून दिव्याच्या मुठीवर आणि तिथून पुढच्या रुग्णाच्या तोंडात कसा पोचतो, आणि त्याला वाटेत कसं अडवायचं, हा विषय. परीक्षेत यावर जेमतेम एक प्रश्न येतो, म्हणून तो कुणाला नको असतो. सरांना दुसरं काहीच नको होतं. नळ कोपरानं, दार खांद्यानं. लिफ्टचं बटणही ते कोपरानं दाबायचे, त्यामुळे हमखास भलत्या मजल्यावर उतरायचे. तिथले लोक तपासणी आली समजून टेबलं पुसायला लागायचे.

"हात कुठं गेला, मियाँ?" हा त्यांचा मंत्र. मियाँ सगळेच, मुलीसुद्धा. रुग्णाच्या तोंडात काम करता करता कुणी चष्मा सावरला, की मागून हा आवाज आलाच म्हणून समजा. सर स्वतः मात्र कुणाच्या तोंडात हात घालत नसत. मागं उभं राहून फक्त सांगायचे. आम्हाला वाटायचं, हेही सोवळंच.

एकदा सरावाच्या तासाला त्यांनी आमच्या हातमोज्यांना गुलाल चोळला आणि म्हणाले, "करा नेहमीसारखं काम." थोड्या वेळानं बघतो तर गुलाल दिव्याच्या मुठीवर, मोबाइलवर, केसपेपरवर, केसांत. एका मुलाच्या पेनाच्या टोपणावर होता, आणि टोपण त्याच्या तोंडात होतं.

"इथं काय गणपती विसर्जन झालं का?" सरांनी विचारलं. आम्ही खदखदलो. मग ते अगदी हळू म्हणाले, "हे रक्त आहे, बेटा. एरवी दिसत नाही, म्हणून तुम्हाला हसता येतं."

त्याच तासाला माझं त्यांच्याशी भांडण झालं. फळ्यावर त्यांनी दोन रकाने आखले होते, सोवळं आणि ओवळं. निर्जंतुक हत्यारं सोवळ्यात, वापरलेली ओवळ्यात. आमच्या घरी वर्तमानपत्राच्या आधी पत्रकं यायची. जेवताना ताटाखाली कुठल्या ना कुठल्या मोर्च्याचं पत्रक असायचं. मी उभी राहिले.

"सर, हे शब्द वापरू नका. या शब्दांनी माणसं विहिरीवरून हाकलली आहेत."

सर खडू ठेवून खुर्चीत बसले.

"आमच्याच घरातून हाकलली," ते म्हणाले. "आजोबा पैठणला भिक्षुकी करायचे. त्यांचं सोवळं म्हणजे दुसऱ्यानं लांब राहायचं. माझं सोवळं म्हणजे मी माझा हात सांभाळायचा. ओवळा असतो डॉक्टरचा हात. खुर्चीतला माणूस कधीच ओवळा नसतो. आजोबांचा शब्द चोरलाय मी, आणि उलटा करून घातलाय. पटलं तर बस. नाही पटलं तर घोषणा दे, मी बी देतो तुझ्याबरोबर."

मी बसले. पूर्ण पटलं होतं असं नाही. पण हे उत्तर कुणी छापलं असतं तर मी चौकात उभी राहून वाटलं असतं.

शेवटच्या वर्षाला आमची पाळी ओपीडीत लागली, तेव्हा तिथं एक पद्धत होती. केसपेपर काढताना ज्यानं सांगितलं, मला एचआयव्ही आहे किंवा रक्तातून पसरणारी ती कावीळ ब आहे, त्याच्या केसपेपरवर लाल टिकली चिकटायची. टिकलीवाल्यांचा नंबर सगळ्यांत शेवटी. का, असं विचारलं की विभागप्रमुख बाई म्हणायच्या, "अगं, म्हणजे त्यांना निवांत बघता येतं."

निवांत! आमच्या संभाजीनगरात हा फार लाडका शब्द. चहा निवांत, गप्पा निवांत. माणसाला वेगळं बसवायचं तरी निवांतच.

एका सकाळी सोयगावहून एक माणूस आला होता, सुजलेला गाल रुमालात बांधून. त्यानं विचारल्याबरोबर खरं सांगितलं, टिकली मिळवली आणि भिंतीला टेकून बसला. उपाध्ये सर तिथून चालले होते. ते थांबले, टिकल्यांचं पाकीट उचललं आणि ढिगातल्या एकूण एक केसपेपरवर टिकली चिकटवली. मग एक स्वतःच्या एप्रनवर आणि एक बाईंच्या टेबलावर.

"आता सगळेच शेवटचे," ते म्हणाले. "करा सुरुवात."

ओपीडी ठप्प झाली. कुणाला आधी घ्यायचं, कुणालाच कळेना. बाई तरातरा आल्या.

"उपाध्ये, हा काय तमाशा?"

"मॅडम, ज्यांना टिकली नाही ते निर्धोक आहेत, हे कुणी तपासलं? कित्येकांना स्वतःलाच ठाऊक नसतं. कित्येक सांगत नाहीत. जो खरं बोलला त्याला तुम्ही शेवटी बसवता. जो लपवतो तो पहिला. आपण इथं दात काढतो का लोकांना खोटं बोलायला शिकवतो? प्रत्येकाच्या वेळी सारखीच काळजी घ्या, टिकली लागणारच नाही."

"आणि लोक काय म्हणतील?"

"लोक आपल्याकडं बघूनच म्हणतात, मॅडम."

मी टाळ्या वाजवल्या. एकटीनंच. पण टिकल्या सोलून पुन्हा क्रम लावेपर्यंत दुपार झाली, आणि सोयगावचा माणूस निघून गेला होता. त्याची बस होती. सर त्याचा केसपेपर घेऊन फाटकापर्यंत गेले आणि कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत उभे राहिले.

"मी टिकल्या लावत बसलो," परत आल्यावर ते मला म्हणाले, "आणि दाढ त्याच्या तोंडातच राहिली."

पुढच्या आठवड्यापासून टिकली केसपेपरच्या आतल्या पानावर लागायला लागली. बाहेरून दिसायला नको म्हणून. आपल्याकडं सुधारणा म्हणतात ती हीच.

मग मी इंटर्न झाले आणि माझी नेमणूक पडेगावला, कॉलेजच्याच छोट्या केंद्रावर झाली. एक खोली, एक खुर्ची, पडद्यापलीकडं लांब बाक. हत्यारं निर्जंतुक करण्यापासून नंबर पुकारण्यापर्यंत सगळं रुक्साना आपा सांभाळायच्या. एका सकाळी मी पडदा सरकवला, तर बाकाच्या मधोमध उपाध्ये सर. हातात नंबराची चिठ्ठी. उजवा गाल टम्म सुजलेला.

"सर, तुम्ही? आत या ना."

"नंबरानं येणार."

नंबर आला तेव्हा ते खुर्चीत बसले. मी पद्धतीप्रमाणं हळू आवाजात विचारलं, "पूर्वी कधी कावीळ झालेली?"

"झालेली!" सर म्हणाले, पडद्यापलीकडच्या बाकाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "कावीळ ब. रक्तात अजून आहे. तुझ्याएवढा होतो, काम करताना सुई घुसली हातात. लस तेव्हा आमच्यापर्यंत पोचली नव्हती. आता सांग, माझा नंबर कितवा?"

"आलाय सर तुमचा नंबर," मी म्हणाले. ते कुणाच्या तोंडात हात का घालत नव्हते, ते आत्ता कळलं. कॅन्टीनमधला तो जुना विनोदही आत्ता कळला. इतकी वर्षं आम्ही त्याला हसत होतो.

"कॉलेजात कुणीच..."

"मॅडम म्हणाल्या, सगळे घरी गेल्यावर या, निवांत करू. मी म्हटलं, मला मधला नंबर द्या. माझ्या आधी एक माणूस, माझ्यानंतर एक माणूस. नाही जमलं त्यांना. उस्मानपुऱ्यात माझ्या घराजवळ माझ्याच विद्यार्थ्यांचे दवाखाने आहेत. गेलो की पाया पडतात. मी खरं सांगतो. मग म्हणतात, सर, रविवारी या ना, निवांत बघू. रविवारी दवाखाना बंद असतो, मियाँ. पायाला हात लावतात, दाढेला नाही."

"न सांगता बसला असतात तर?"

"तर दाढ वाचली असती," सर म्हणाले. "आणि तुम्हाला कुठल्या तोंडानं शिकवलं असतं?"

मी भुलीचं इंजेक्शन दिलं. ओठ बधिर व्हायची वाट बघत ते छताकडं बघून बोलत राहिले. "वहिनी चांगली आहे माझी. गरम वाढते. फक्त माझ्या पेल्याला तिनं नेलपॉलिशची टिकली लावलीय. लालच. पेल्यानं हा आजार पसरत नाही, हे सांगून थकलो. ती म्हणते, भाऊजी, घरात लेकरं आहेत. आजोबांच्या काळी बाहेरच्यांचा पेला वळचणीला खोचलेला असायचा. तो आता माझ्याकडं आलाय. वारसा..." शेवटच्या शब्दावर त्यांची जीभ जड झाली. भुलीनंच झाली असणार.

दाढेत वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुकड्या-तुकड्यांनी निघाली. मध्येच मी दिवा सरकवला, तर सरांच्या उघड्या घशातून आवाज आला, "हाऽऽ उऽऽ एआ, इयाँ?"

आपा हसायला लागल्या. "मुँह में औजार हैं, फिर भी मास्टरकी नै छूटी!"

कापसाचा बोळा दाताखाली देऊन मी म्हणाले, "आता अर्धा तास बोलायचं नाही." सर बाहेर गेले ते घरी गेलेच नाहीत. परत बाकावर बसले. आपल्यानंतर या खुर्चीचं आम्ही काय करतो, ते त्यांना बघायचं होतं. आपांनी पडदा उघडाच ठेवला आणि प्रत्येक रुग्णानंतर करायच्या तेच केलं. खुर्ची पुसली, दिव्याची मूठ पुसली, आवरण बदललं, हत्यारांचा नवा संच उघडला. एरवीपेक्षा एक फडकं जास्त नाही, एक कमी नाही. सरांनी हळूच मान डोलावली. एवढ्यासाठी त्यांनी ती दाढ कुजू दिली होती.

आपांनी पुढचा नंबर पुकारला.

कुणी उठलं नाही. आपांनी पुन्हा पुकारला. तेव्हा एक बाई पदर सावरत उठली. "आज नगं. उद्या येते मी. लई उशीर झाला."

"तीच खुर्ची हाय का?" तिच्या शेजारच्यानं दुसऱ्याला विचारलं. तो चपला शोधायला लागला. "मला बी जरा काम आठवलं," तिसरा म्हणाला. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. एकेक करून सगळे उठले, सरांच्या पायांना पाय लागू नये म्हणून जरा वळसा घालून गेले.

सर मधल्या नंबरानं आले होते. आता ते शेवटचे होते.

मी धावत पायरीवर गेले आणि जाणाऱ्यांच्या पाठीवर ओरडायला लागले. अज्ञान, भेदभाव, लाज. पत्रकातले सगळे शब्द माझ्या तोंडात होते आणि एकाचाही उपयोग होत नव्हता. ज्याला हे सगळं शांतपणे समजावून सांगता आलं असतं, त्या माणसाच्या तोंडात कापूस होता.

मागून माझ्या दंडाला कोपर लागलं. सर.

"नको," ते बोळ्याच्या कडेनं कसंबसं म्हणाले. "त्यांना टिकली आपणच शिकवली."

आणि दौलताबाद रस्त्याच्या उन्हात, गाल धरून, रिक्षा शोधायला गेले.

दुसऱ्या दिवशी बाक पुन्हा भरला. कालचं कुणी आलं नाही, ती बाईही नाही. हे दुसरे होते. आणि त्यांच्या मधोमध सर.

"सर, काय झालं? रक्त येतंय?"

त्यांनी नाही अशी मान हलवली. नंबराची चिठ्ठी काढलेली नव्हती. दाखवायला आलेच नव्हते. नुसते बसले होते.

त्यांच्या शेजारी पागोटं मांडीवर घेतलेला एक म्हातारा होता. दाढेनं त्याला रात्रभर झोपू दिलं नसावं. आता तो सरांच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपला होता. तोंड उघडं, आणि लाळेचा ओघळ सरांच्या पांढऱ्या बाहीवरून कोपरापर्यंत उतरलेला. त्याच कोपरापर्यंत. सर श्वासही जपून घेत होते.

"हळू बोल, मियाँ," ते पुटपुटले. "झोप मोडेल त्यांची."

पुढचा नंबर त्या म्हाताऱ्याचाच होता. मी आपांकडं बघितलं. आपांनी सरांकडं बघितलं, तोंडाला पदर लावला, आणि त्याच्या मागचा नंबर पुकारला. अगदी हळू आवाजात.